दत्तूमामाच्या न पिण्याचे किस्से

माणूस गेला की त्याचे किस्से वाढायला लागतात. जिवंतपणी दोन असतात, दहाव्यापर्यंत वीस होतात, आणि वर्षश्राद्धाला बघावं तर निम्म्या किश्श्यांत तो माणूस औषधालाही सापडत नाही. आमच्या दत्तूमामाचं नेमकं हेच झालं. त्याच्या पिण्याचे किस्से सोलापुरात कुणालाही विचारा. ज्यांनी त्याला कधी धड पाहिलंही नाही, तेसुद्धा छाती ठोकून सांगतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मामा शेवटची नऊ वर्षं प्यायला नाही. एक थेंब नाही. त्या नऊ वर्षांचे किस्से कुणी सांगत नाही, कारण ते कुणाला ठाऊक नाहीत, आणि ठाऊक करून घ्यायची कुणाला गरजही वाटत नाही. ते माझ्याकडं आहेत. आज सांगून टाकतो. मधे कुणी ‘पण आधी तर...’ म्हणून तोंड घालायचं नाही. आधीचं मी स्वतःच सांगतो.

आधी तो प्यायचा. चांगला सडकून प्यायचा. पाडव्याला मामी ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी आणि हा गुत्त्याच्या ओट्यावर आडवा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मी त्याला उचलून आणलंय आणि वर दोन शब्द सुनावलेही आहेत. यातलं काही मी लपवत नाही. पण माणसानं एक गोष्ट सोडली, तर ती सोडली हे कबूल करायला लोकांच्या जिभेला काय काटे टोचतात?

*

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. पेठेतल्या एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होता. त्या काळी मिक्श्चर हातानं बनवायचं, रोग्यानं घरनं आणलेल्या बाटलीत भरायचं आणि कागदाची पट्टी कातरून डोसाच्या खुणा म्हणून बाटलीवर चिकटवायची. मामाच्या पट्ट्या इतक्या सुबक, की लोक औषध संपल्यावरही बाटली फेकत नसत.

एक दिवस दुपारी एका हातमागवाल्याच्या तान्ह्या पोरीचं औषध बनवताना मामाचा हात थरथरायला लागला. मोजायचा ग्लास बाटलीच्या तोंडावर वाजतोय, टकटक टकटक, आणि जे दोन थेंब पडायचे ते किती पडले ते त्यालाच कळेना. त्यानं सगळं मिक्श्चर मोरीत ओतलं, आत गेला आणि म्हणाला, “डॉक्टर, आज माझ्या हातनं कुणाला औषध देऊ नका.”

डॉक्टर रागावले नाहीत. नुसते म्हणाले, “उद्यापासून बाटल्या धू. हात थांबले की मला सांग.”

पंधरा वर्षं कंपाउंडरकी केलेला माणूस हात थांबेपर्यंत तीन महिने मोरीपाशी बसून बाटल्या धूत होता. समोर रोगी बसलेले, त्यातले निम्मे ओळखीचे. लोकांनी हसून घेतलं. अहो, हसायचं काय त्यात? मला सांगा, तुमच्यापैकी कितीजण स्वतःच्या चुकीपायी तीन दिवस तरी बाटल्या धुतील?

*

हात थरथरला त्या दिवसापासनं मामा रोज सकाळी आंघोळ करून सिद्धेश्वराला जायचा. एकदा मी बरोबर होतो. त्यानं हात जोडले, ओठ हलवले आणि लगेच वळला. मी म्हटलं, “एवढ्यात झालं? काय मागितलंस?”

“मागितलं काय न्हाय. सांगितलं. आजचा दिवस घेणार न्हाय, एवढंच.”

“आजचाच? जन्माचं सांग की.”

मामा हसला. “जन्माचं वचन तुझ्या मामीला सात वेळा दिलंय. देवापुढं तरी खरं बोलावं. आजचं माझ्या हातात हाय, तेवढं बोलतो.”

त्यामुळं कुणी विचारलं, ‘दत्तू, सोडलीस म्हणे?’ की तो म्हणायचा, “आज घेतली न्हाय.” सोडली असं तो कधीच म्हणाला नाही. मला हे उत्तर एवढं भारी वाटायचं! पण आमचे नाना होते ना.

नाना म्हणजे मामाचे थोरले चुलतभाऊ. मिलच्या ऑफिसात हेडक्लार्क, अंगात काळा कोट, डोक्याला पागोटं, आणि आमच्या सगळ्या भाऊबंदांत त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. एका बारशाला त्यांनी चारचौघांत मामाला तोच प्रश्न विचारला. मामानं तेच उत्तर दिलं. नाना सगळ्यांकडं वळून म्हणाले, “ऐकलंत? आज घेतली नाही. म्हणजे काल घेतली.”

सगळे खो खो हसले. मामाही थोडा हसला. मी मात्र घुगऱ्या तशाच ठेवून उठलो.

*

आता बाटल्यांचा किस्सा. सगळेच रोगी घरनं बाटली आणत नसत. त्यांच्यासाठी दवाखान्यात रिकाम्या बाटल्या लागायच्या, आणि रिकाम्या बाटल्या सोलापुरात सगळ्यात जास्त कुठं मिळणार? दारूच्या दुकानात. मग दर रविवारी मामा पोतं खांद्यावर टाकून दुकानाच्या मागच्या दाराला जायचा, बाटल्या घेऊन यायचा, आणि गरम पाणी आणि सोडा घालून अशा धुवायचा की वासाचं नाव राहू नये. मी म्हटलं, “हे काम दुसऱ्याला दे की.” तर म्हणतो, “दुसरा धुईल का एवढ्या नीट? वास राहिलेला मला कळतो, त्याला कळंल का?”

ते दिवस सत्याग्रहाचे होते. दारूच्या दुकानांपुढं स्वयंसेवक उभे राहायचे आणि येणाऱ्याच्या पाया पडून त्याला परत पाठवायचे. चांगलं काम होतं, मी नाही म्हणत नाही. पण एका रविवारी मामा पोतं घेऊन पोचला, तर दोघांनी त्याचे पाय धरले. “काका, आजचा दिवस नको. घरच्यांचा विचार करा.”

मामा सांगतोय, “बाळांनो, मी बाटल्या न्यायला आलोय.” त्यावर ते म्हणतात, “तेच तर म्हणतोय, नेऊ नका!” आणि अख्खं पोतं घेऊन आलाय म्हटल्यावर त्यांनी पाय आणखी घट्ट धरले. शेवटी मामा म्हणाला, “बरं. तुमच्या शब्दाला मान,” आणि रिकामं पोतं घेऊन परत आला. पोरांचा हिरमोड कशाला करायचा, म्हणे.

संध्याकाळी सभा झाली. त्यात एकानं उभं राहून जाहीर केलं, की आज अमुक दवाखान्यातल्या एका जुन्या मद्यप्यानं आमच्या विनंतीला मान देऊन दारू सोडली. टाळ्या पडल्या. मामाला सोडून पाच वर्षं झाली होती! दुसऱ्या दिवशी गल्लीत एकेक जण येऊन अभिनंदन करतोय, ‘बरं झालं, कालपासून सोडलीस ते.’ मी त्या सभेवाल्यांना गाठून भांडायला निघालो होतो. मामानं माझा हात धरला.

“कशाला भांडतोस? टाळ्या पडल्याच की.”

*

करकंबला एका भाचीचं लग्न होतं. पंगतीची तयारी चालली होती आणि विळीवर भाजी चिरताना आचाऱ्याचा अंगठा कापला, चांगला खोलवर. मामाकडं पिशवी असायचीच. त्यानं स्पिरिटनं जखम धुतली, टिंक्चर लावलं, पट्टी बांधली आणि हात पुसत पंगतीला येऊन बसला.

शेजारी नाना. त्यांनी नाक वर केलं. दोनदा हुंगलं. मग मोठ्यानं म्हणाले, “लग्नघरी तरी दम धरायचा होतास, दत्तू.”

मामानं हात पुढं केले. “स्पिरिट हाय, नाना. आचाऱ्याला...”

“स्पिरिट काय आणि दुसरं काय, तुला सगळं सारखंच,” नाना म्हणाले, आणि यजमानाला डोळ्यानं खूण केली. यजमान बिचारा गरीब गाय. तो मामाला हळूच म्हणाला, “तुम्ही मागनं बसता का?” मामा भरल्या पानावरनं उठला. खरं सांगतो, मला त्या क्षणी सगळी पंगत उधळून द्यावी असं वाटलं. पण मुलीचं लग्न, काय करणार? मीही उठलो आणि त्याच्यामागं जाऊन उभा राहिलो.

तेवढ्यात आचारी जिलबीची परात घेऊन आला. पट्टी बांधलेला अंगठा वर धरलेला. त्यानं पंगतीवरनं नजर फिरवली आणि विचारलं, “कंपाउंडर कुटं गेले?”

सगळे नानांकडं बघायला लागले. त्याला काय ते कळलं. परात खाली ठेवली आणि म्हणाला, “त्येंचं पान मांडा. तवर मी जिलबी वाढत न्हाय.”

मामाचं पान परत मांडलं गेलं. नानांनी चार जिलब्या खाल्ल्या.

*

डॉक्टरांना एकदा आठ दिवस पुण्याला जायचं होतं. कपाटाची किल्ली त्यांनी मामाकडं दिली. त्या कपाटात विषारी औषधं, स्पिरिट, ब्रँडी, सगळं. हे नानांच्या कानावर गेलं आणि ते खास डॉक्टरांना सावध करायला दवाखान्यात आले. मी तिथंच बाकावर बसलो होतो.

“तुमचं भलं म्हणून सांगतो,” नाना म्हणाले, “मांजराला दुधावर राखण ठेवताय.”

डॉक्टर टाय बांधत होते. ते थांबले नाहीत. म्हणाले, “त्या कपाटात काय आहे, ते काय करतं, आणि किती लवकर करतं, हे सोलापुरात माझ्यापेक्षा जास्त एकाच माणसाला ठाऊक आहे. किल्ली त्याच्याकडंच राहील.”

तरी नाना हटले नाहीत. निदान स्पिरिटच्या बाटलीवर खूण तरी करून ठेवा, म्हणाले, कमी झालं तर कळेल. डॉक्टर काही बोलायच्या आत पडद्यामागनं मामा आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं कात्री घेतली, कागद घेतला, डोसाची कातरतो तशी पट्टी कातरली आणि नानांच्या डोळ्यांदेखत स्पिरिटच्या बाटलीवर चिकटवली. नेहमीसारखीच सुबक. मग म्हणाला, “नाना, रोज येऊन बघत जावा. जखमेला लागंल तेवढं मी लिहून ठेवीन.”

माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येताना मी मामाला म्हणालो, “तुझ्या अंगात काही मानपान आहे की नाही?” त्यानं हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, “हाय की. पण एक सांगू? लोकांनी इस्वास ठेवावा असं मला लई वाटतं रे. लई वाटतं. पण तो मागून मिळत न्हाय.”

एवढं एकदाच बोलला. नाहीतर सगळ्यांना वाटायचं, याला काही लागतच नाही. त्याला लागायचं. नऊ वर्षं रोज लागत होतं.

*

एक यल्लम्मा म्हणून पद्मशाली बाई होती, घरी माग चालवायची. ती नवऱ्याला दंडाला धरून दवाखान्यात घेऊन आली. तिचं मराठी तेलुगूच्या चालीवरचं. “मामा, तुमी सोडला ते औषध याला दे. तेच दे. दुसरा नको.”

मामा म्हणाला, “तसं औषध नसतं, अम्मा. पण याला रोज सकाळी हितं बाकावर आणून बसव. कामावर जायच्या आधी अर्धा तास.”

“बसून काय करनार?”

“मी पण बसणार.”

झालं. महिन्याभरात त्या बाकावर चौघे बसायला लागले. मामा देवळातनं येऊन त्यांना अंगारा लावायचा, सगळे मिळून एक भजन म्हणायचे, अगदी बेसूर, आणि आपापल्या कामाला जायचे. नानांनी लगेच नाव ठेवलं, दत्तूचा गुत्ता. म्हणा बापडे!

मग यल्लम्माचा नवरा घसरला. तीन दिवस फिरकला नाही. चौथ्या दिवशी सकाळी आला आणि पायरीपाशीच उभा राहिला. डोळे लाल, मान खाली. बाकावरचा एक जण म्हणाला, “आला बघा. आता याला कशाला घ्यायचं?”

मामानं त्या बोलणाऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. स्वतः थोडा सरकला, शेजारची जागा हातानं झटकली आणि म्हणाला, “बस. भजन थांबलंय.”

तीन दिवस कुठं होतास, हे त्यानं त्या माणसाला शेवटपर्यंत विचारलं नाही. आणि आमच्या लोकांनी मामाला काय काय विचारलं!

*

नवव्या वर्षी मामाला न्यूमोनिया झाला. तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती. छाती शेकायची, लेप लावायचा आणि ताकद टिकावी म्हणून चमचा चमचा ब्रँडी द्यायची. डॉक्टरांनी मला चिठ्ठी दिली. मी भर दुपारी दुकानातनं बाटली आणली, कागदात गुंडाळून.

मामानं बाटली बघितली आणि मान हलवली. डॉक्टर म्हणाले, “दत्तू, हे औषध आहे. मी देतोय.” मामाला धाप लागली होती. तो म्हणाला, “डॉक्टर, दुसरं काय हाय का?”

डॉक्टरांनी खरं सांगितलं. “आहे. फार फरक पडणार नाही, ह्यानंही आणि त्यानंही.”

“मग ते द्या.”

डॉक्टरांनी ते दिलं. मामी उशाशी अंगारा घेऊन बसली होती. तिनं विचारलं, लावू का. मामा म्हणाला, “लाव. आज घेतली न्हाय.” चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

ब्रँडीची बाटली मी डॉक्टरांना परत नेऊन दिली. सील न फोडलेली. पण दुकानातनं आणताना मला अर्ध्या पेठेनं पाहिलं होतं, आणि परत देताना कुणी पाहिलं नाही. तिरडी उचलायच्या आत बातमी झाली होती, की दत्तू शेवटी पिऊनच गेला. भेटायला येणाऱ्या बायका मामीच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होत्या, “जित्याची खोड, काय करणार!” त्या गेल्यावर मामीनं दार लोटून घेतलं. मला ती एवढंच म्हणाली, “तुझ्या मामाला निदान मेल्यावर तरी खरं मानतील असं वाटलं होतं मला.”

*

आता शेवटचा. हा दहाव्याचा.

मामाला मूलबाळ नव्हतं, म्हणून सगळं मीच केलं. गावाबाहेर ओढ्याच्या काठी आम्ही जमलो होतो. भाऊबंद होते, डॉक्टर होते, बाकावरचे चौघे होते, आणि अर्थात नाना होते. पिंड मांडला. कावळा शिवला म्हणजे गेलेला माणूस सुखानं गेला, नाही शिवला म्हणजे त्याच्या मनात काही राहिलं, हे सगळ्यांना ठाऊक. कावळे समोरच्या लिंबावर बसलेले, पाच-सहा. खाली एक येईना.

मग रीतीप्रमाणं एकेकानं पुढं होऊन सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, “मामा, मामीला मी सांभाळतो.” डॉक्टर म्हणाले, “दत्तू, तो बाक मी हलवणार नाही.” यल्लम्माचा नवरा आला, हात जोडले आणि मागं गेला. कावळे जागचे हलले नाहीत. ऊन डोक्यावर आलं.

नाना म्हणाले, “कशाला सगळ्यांना उन्हात ताटकळवताय? त्याचा जीव कशात होता, ते काय आपल्याला नवीन आहे?” आणि त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातनं एक चपटी बाटली काढली, बूच उघडलं आणि पिंडाशेजारी दर्भावर धार धरली. “घे बाबा. घे आणि मोकळा हो.”

वास पसरला. दोघं-तिघं हसले. मामाच्या दहाव्याला, मामाच्या पिंडापुढं हसले!

मी ओल्या पंच्यात, बोटात दर्भाचं पवित्रक घालून बसलो होतो. तसाच उठलो. गुरुजी म्हणाले, “उठायचं नाही.” मी म्हटलं, “गुरुजी, थांबा. नाना, त्याला हे नकोय. त्याला एवढंच हवं होतं, की तुम्ही एकदा म्हणावं, दत्तू पीत नाही. नऊ वर्षांत एकदा. ते म्हणा.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर बसू. मला घाई नाही.”

नानांनी बाटलीला बूच लावलं. पण बाकीच्यांना भुका लागल्या होत्या. नऊ वर्षं ज्यांनी नानांच्या विनोदांवर माना डोलावल्या, तेच आता म्हणायला लागले, “म्हणा की, नाना. तुमचं काय जातंय?” “एक वाक्य तर आहे.” “ऊन बघा की काय झालंय.”

नाना जागेवरनंच म्हणाले, “बरं. दत्तू पीत नव्हता. झालं?”

एका कावळ्यानं मान वळवली आणि परत पलीकडं बघायला लागला. गुरुजी शांतपणे म्हणाले, “असं नसतं. पुढं येऊन, पिंडाकडं बघून म्हणायचं असतं.”

नाना पुढं आले. पिंडापुढं उभे राहिले. मग त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढलं, मातीत ठेवलं आणि उकिडवे बसले. इतक्या वर्षांत नानांचं उघडं डोकं मी पहिल्यांदा बघत होतो. ते हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“दत्तू, मी पितो. रोज पितो. वीस वर्षं झाली. सगळे तुझ्याकडं बघायचे, म्हणून माझ्याकडं कुणी बघितलं नाही.”

नाना तसेच बसून होते आणि आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो. कावळा कधी शिवला, ते कुणीच पाहिलं नाही.